पास देणाऱ्याची नोंद

तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर चारशे स्त्रियांची नावे कोरलेली आहेत. पहिल्या राजराज चोळाने इसवी सन १०१४ च्या सुमारास हा लेख कोरवून घेतला. चोळमंडलातील निरनिराळ्या देवळांतून नृत्यगायनात निपुण स्त्रिया आणून त्याने त्यांना या नव्या मंदिराभोवती वसवले. प्रत्येकीचे नाव, ती मूळची कोणत्या देवळातली, तिला दिलेले घर कोणत्या रांगेत कितवे, हे सारे तेथे लिहिले आहे. प्रत्येकीचा वाटा वर्षाला शंभर कलम भात. त्याच लेखात वादक, हिशेबनीस, शिंपी, न्हावी, परीट यांच्याही नोंदी येतात. पुढे एक नियम येतो. यांपैकी कोणी मरण पावले किंवा परगावी निघून गेले, तर त्यांच्या जवळच्या आप्ताने तो वाटा घ्यावा आणि ते काम करावे. आप्ताच्या अंगी ती विद्या नसेल, तर त्याने योग्य माणूस निवडावा.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून हा लेख मी प्रथम वाचला तेव्हा त्यातील राजाच्या ऐश्वर्याने दिपून गेलो होतो. तीन दशकांहून अधिक काळ प्रशासनात घालवल्यानंतर आज तो वाचताना लक्ष जाते ते त्यातील आस्थापना-विचाराकडे. नाव, पत्ता, मोबदला आणि वारसाची व्यवस्था, या चार गोष्टी हजार वर्षांपूर्वीच्या एका कारकुनाने चुकवलेल्या नाहीत. याच मंदिराच्या दुसऱ्या भिंतीवर १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला. राजांचे मोडी कागद आजही सरस्वती महालात जपले जातात. लिहून ठेवणे हा या शहराचा जुना स्वभावच म्हणावा लागेल.

अशा या शहरात २० जानेवारी २०१८ रोजी, शनिवारी, मोटारसायकलच्या अपघातात एका फुटबॉलपटूचा मृत्यू झाला. त्याचे नाव कालिया कुलोत्तुंगन. वय अवघे ४०. कोलकात्याच्या वृत्तपत्रांत बातम्या आल्या, क्लबांनी शोक व्यक्त केला आणि काही दिवसांत विषय मिटला. महाराष्ट्रातील बहुतेक वाचकांनी हे नाव ऐकलेही नसेल. तरीही त्याच्याविषयी लिहावेसे वाटते. त्याची कारकीर्द पाहिली की आपल्या क्रीडाधोरणाला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे स्पष्ट होते.

कुलोत्तुंगन मधल्या फळीतील आक्रमक खेळाडू होता. मूळचा तंजावूरचा हा मुलगा ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग या कोलकात्याच्या तिन्ही मोठ्या क्लबांकडून खेळला. मुंबई एफसी आणि विवा केरळ या संघांचाही पोशाख त्याने घातला. संतोष करंडक स्पर्धेत त्याने तमिळनाडूचे नेतृत्व केले. कोलकात्याच्या मैदानावर परक्या भाषेच्या माणसाने एका क्लबकडून नाव कमावणे कठीण. एकमेकांचे वैर पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या तिन्ही क्लबांना हवाहवासा वाटणे त्याहून कठीण.

त्याच्या कारकिर्दीचा सर्वोच्च क्षण २००३ च्या जुलैतला. त्या वर्षी जकार्ता येथे आसियान क्लब अजिंक्यपद स्पर्धा झाली. सुभाष भौमिक यांच्या प्रशिक्षणाखालील ईस्ट बंगालच्या संघात कुलोत्तुंगन होता. पहिल्याच सामन्यात थायलंडच्या बीईसी तेरो सासाना संघाकडून ईस्ट बंगालला ०-१ अशी हार पत्करावी लागली. त्यानंतर फिलिपाइन्सच्या लष्करी संघाविरुद्ध बायचुंग भुतियाने एकट्याने सहा गोल केले. उपांत्यपूर्व फेरीत इंडोनेशियाच्या पर्सिता संघावर २-१ असा विजय मिळाला, तर उपांत्य सामना पेनल्टीवर सुटला. २६ जुलैच्या अंतिम सामन्यात पुन्हा तोच बीईसी तेरो समोर आला आणि या वेळी ईस्ट बंगालने ३-१ असा विजय मिळवला. गोल करणारे तिघे होते माइक ओकोरो, भुतिया आणि गोव्याचा अल्विटो डिकुन्हा. भारतीय क्लबने परदेशात जिंकलेल्या मोजक्या मोठ्या स्पर्धांत या विजयाची गणना होते. त्याच्या पुढच्या हंगामात ईस्ट बंगालने राष्ट्रीय फुटबॉल लीगही सलग दुसऱ्यांदा जिंकली.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक योगायोग खुणावतो. पहिला कुलोत्तुंग हा वेंगीच्या चालुक्य घराण्यात जन्मलेला, आईकडून चोळांचा वारस. १०७० साली तो उत्तरेकडून येऊन चोळांच्या गादीवर बसला. त्याचा आजोबा राजेंद्र चोळ याने १०२५ च्या सुमारास सुमात्रा आणि मलायाच्या किनाऱ्यावरील श्रीविजय राज्यावर आरमारी स्वारी केली होती. स्वतः कुलोत्तुंगाने त्याच राज्याशी पुढे सलोखा राखला आणि नागपट्टिणमच्या बौद्ध विहाराच्या दानाला संरक्षण दिले. त्या सम्राटाचे नाव धारण करणारा तंजावूरचा एक मुलगा साडेनऊशे वर्षांनी जावा बेटावर खेळायला गेला आणि जिंकून परतला. तमिळ पाठ्यपुस्तकांत पहिल्या स्वारीला जागा आहे. दुसऱ्या मोहिमेला कोठे जागा द्यायची, हे आपण अजून ठरवलेले नाही.

मधल्या फळीतील आक्रमक खेळाडूचे काम नेमके काय, हे येथे सांगायला हवे. फुटबॉलमध्ये गोल करणारा सर्वांना दिसतो. गोल वाचवणाराही दिसतो. या दोघांच्या मध्ये वावरणारा हा खेळाडू मात्र चेंडू आपल्याकडे घेतो, समोरच्या बचावफळीत कोठे फट पडते आहे हे इतरांच्या आधी ओळखतो आणि त्या फटीतून चेंडू सोडतो. पुढचे काम दुसऱ्याचे. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात गोल करणाऱ्याचे नाव आणि मिनिट छापले जाते. पास देणाऱ्याचे नाव छापले जाईलच असे नाही. ज्याचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर जमा होते, त्याची कारकीर्द आकड्यांत पकडणे अवघड असते. प्रशासनातील बहुसंख्य कामही असेच असते, म्हणून मला या भूमिकेविषयी आपुलकी वाटते.

कुलोत्तुंगनला कोलकात्याला का जावे लागले? तंजावूर ते कोलकाता हा सुमारे दोन हजार किलोमीटरचा प्रवास. या वाटेवरून जाणारा तो पहिला नव्हता. १९४९ ते १९५३ या काळात ईस्ट बंगालच्या आघाडीच्या फळीतील सालेह, अप्पाराव, वेंकटेश, धनराज आणि अहमद खान या पाच जणांना बंगाली प्रेक्षक ‘पंचपांडव’ म्हणत. पाचही जण दक्षिणेतले. यांपैकी अहमद खान १९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला. तो डाव्या अंगाने आत राहून खेळ रचत असे आणि आज आपण ज्याला आक्रमक मिडफिल्डर म्हणतो त्याचा तो पूर्वज होता. म्हणजे दक्षिणेने कसबी खेळाडू घडवायचे आणि बंगालने त्यांना प्रेक्षक द्यायचे, ही विभागणी स्वातंत्र्याइतकी जुनी आहे.

याची कारणे खेळाडूंच्या गुणवत्तेत शोधण्यात अर्थ नाही. ती संस्थांच्या इतिहासात सापडतात. मोहन बागानची स्थापना १८८९ ची, मोहम्मेडन स्पोर्टिंगची १८९१ ची, ईस्ट बंगालची १९२० ची. या क्लबांना सभासद होते, वर्गणी होती आणि हरल्यास जाब विचारणारे लोक होते. मद्रास आणि मुंबईत मात्र फुटबॉल वाढला तो प्रामुख्याने आस्थापनांच्या आश्रयाने. रेल्वे, बंदर, पोलीस, बँका, विमा कंपन्या आणि गिरण्या यांनी संघ बाळगले. चेन्नईची इंडियन बँक राष्ट्रीय लीगमध्ये खेळली. मुंबईत महिंद्र आणि एअर इंडियाने वर्षानुवर्षे संघ चालवले. या संघांचा प्रेक्षकवर्ग मर्यादित होता. पण त्यांनी खेळाडूला एक अमूल्य गोष्ट दिली. खेळ संपल्यावर टेबल-खुर्ची उरत असे. भविष्यनिर्वाह निधी, वैद्यकीय सुविधा, निवृत्तिवेतन हे सारे त्या खुर्चीबरोबर येत असे.

राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ साली सुरू झाली, २००७ साली तिची आय-लीग झाली आणि २०१४ साली इंडियन सुपर लीग आली. खेळ व्यावसायिक झाला पाहिजे, ही मागणी रास्त होती. करार आले, प्रशिक्षक आले, काही खेळाडूंना पूर्वी कल्पनाही करता आली नसती इतके पैसे मिळाले. या स्थित्यंतरात आस्थापना-संघ मागे पडले आणि त्यांच्याबरोबर ती खुर्चीही गेली. तिच्या जागी काय आले, याचा विचार कोणी केला नाही. महिंद्र युनायटेड २०१० साली बंद झाला. पंजाबचा जेसीटी २०११ साली बंद झाला. विवा केरळचे मालक बदलले, नाव बदलले आणि पुढे तो संघच राहिला नाही. मुंबई एफसीही आज राष्ट्रीय लीगमध्ये दिसत नाही. कुलोत्तुंगन ज्या पाच क्लबांकडून खेळला त्यांपैकी दोन आज नावालाच उरले आहेत. बंद पडलेल्या क्लबच्या माजी खेळाडूने आपल्या सेवेचा दाखला मागायचा तर कोणाकडे?

हा प्रश्न केवळ गतकाळाचा नाही. २०२५ च्या जुलैत व्यापारी हक्कांच्या करारावरील अनिश्चिततेमुळे इंडियन सुपर लीगचा नवा हंगाम स्थगित झाला. त्यानंतरच्या काही आठवड्यांत काही क्लबांनी खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे वेतन थांबवले. देशातील सर्वोच्च लीगमधील खेळाडूंना आपले पुढचे वर्ष कसे जाणार हे ठाऊक नव्हते. खालच्या लीगमधील खेळाडूंची गत काय असेल, हे वेगळे सांगायला नको.

आता शासनाकडे वळू. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत क्रीडा हा विषय राज्यसूचीत, ३३ व्या नोंदीत, नाट्यगृहे आणि चित्रपट यांच्या शेजारी बसवलेला आहे. केंद्राकडे निधी आहे आणि महासंघांना मान्यता देण्याचा अधिकार आहे. मैदाने आणि नोकऱ्या मुख्यतः राज्यांकडे. गुणवंत खेळाडूंसाठी केंद्राची निवृत्तिवेतन योजना १९९४ पासून आहे. २०१८ च्या सुधारणेनंतर तिच्यात दरमहा १२ हजार ते २० हजार रुपये मिळतात. पण तिचा आधार पदक हा आहे आणि तेही ऑलिंपिक, जागतिक, आशियाई, राष्ट्रकुल अशा स्पर्धांतले. भारतीय पुरुष फुटबॉल संघाने आशियाई क्रीडा स्पर्धेतील शेवटचे पदक १९७० साली, बँकॉकमध्ये मिळवले. म्हणजे त्यानंतरच्या पिढ्यांतील पुरुष फुटबॉलपटूंपुरती ही योजना जवळजवळ कागदावरच आहे.

दुसरा मार्ग नोकरीतील क्रीडा कोट्याचा. केंद्र शासनाच्या नियमांत पात्र ठरतो तो देशाचे किंवा राज्याचे प्रतिनिधित्व केलेला, आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळलेला किंवा राज्याच्या शालेय संघातून खेळलेला उमेदवार. महाराष्ट्रानेही २००५ पासून ५ टक्के आरक्षण ठेवले आहे आणि तेथेही भर विहित स्पर्धांवर आहे. संतोष करंडकात राज्याकडून खेळलेल्याला ही दारे उघडतात, हे खरे. परंतु फुटबॉलपटूची खरी कारकीर्द घडते ती क्लबमध्ये. वर्षातले काही आठवडे तो राज्याचा असतो, उरलेले महिने क्लबचा. त्या महिन्यांसाठी अर्जात रकाना नाही. परदेशात जाऊन जिंकलेले क्लब अजिंक्यपदही या वर्गवारीत बसत नाही. शिवाय वयाची अट आहे. केंद्राच्या नियमात ती सर्वसाधारणपणे ५ वर्षांपर्यंतच शिथिल होते. पस्तिशीपर्यंत खेळलेला माणूस मैदानावरून उतरतो तेव्हा हे दार बंद झालेले असते. पंचविशीत खेळ सोडणाऱ्याला आपण नोकरी देतो आणि निष्ठेने दहा वर्षे अधिक खेळणाऱ्याला त्याच निष्ठेची शिक्षा देतो.

हे मी केवळ नियम वाचून लिहीत नाही. सेवेत असताना एका भरतीच्या छाननी समितीवर मी होतो. एक उमेदवार जाड फाइल घेऊन आला होता. तीत वृत्तपत्रांची पिवळी पडलेली कात्रणे, संघाची छायाचित्रे आणि बंद पडलेल्या एका क्लबच्या लेटरहेडवरील पत्र होते. आमच्याकडच्या नमुन्यात यांतील एकही कागद बसत नव्हता. वयही दोन वर्षांनी ओलांडले होते. छाननीला चार-पाच मिनिटे लागली असतील. ‘अपात्र’ या शेऱ्याखाली सही माझी होती. नियमाप्रमाणे ती बरोबर होती आणि आजही तीच करावी लागेल. जाताना त्याने विचारले, ‘साहेब, मी मग इतकी वर्षे काय केले असे लिहू?’ या प्रश्नाला त्या नमुन्यात उत्तर नव्हते आणि माझ्याकडेही नव्हते.

कुलोत्तुंगनच्या घरच्या परिस्थितीविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही आणि तो या लेखाचा विषयही नाही. मुद्दा व्यवस्थेचा आहे. या मुद्द्यावर घेतला जाणारा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण मंत्रालयीन टिपणींत तो मीही लिहिलेला आहे. क्लब खासगी आहेत. खेळाडूने स्वेच्छेने करार केला. करदात्याने त्याचा भार का उचलावा? आक्षेप वाजवी आहे. प्रत्येक लीग खेळाडूला सरकारी निवृत्तिवेतन द्या, अशी माझी मागणीच नाही. खर्चाने लहान अशा तीन गोष्टी मात्र करता येतील.

पहिली गोष्ट नोंदीची. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे आजच्या खेळाडूंची केंद्रीय संगणकीकृत नोंदणी होते. ती मागे न्यावी. १९९६ पासूनच्या राष्ट्रीय लीगमधील प्रत्येक खेळाडूचा हंगाम, क्लब आणि सामने यांची पडताळणी करून महासंघाने कारकिर्दीचा एकच अधिकृत दाखला द्यावा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी जुनी कागदपत्रे गोळा करण्यास साहाय्य करावे. क्लब बंद पडला तरी खेळाडूची सेवा पुसली जाऊ नये.

दुसरी गोष्ट त्या दाखल्याच्या उपयोगाची. शाळा, आश्रमशाळा, क्रीडा वसतिगृहे आणि पोलीस संघ यांना प्रशिक्षक हवे असतात. राष्ट्रीय लीगमध्ये ठरावीक हंगाम खेळलेल्यांना आणि प्रशिक्षकाचा प्राथमिक परवाना मिळवणाऱ्यांना अशा पदांसाठी वयाची अट पुरेशी शिथिल करावी. आपण त्यांच्यावर उपकार करतो असे यात काही नाही. कावेरीच्या खोऱ्यातील मुलाला जकार्ता पाहिलेला माणूस शिकवायला मिळेल, हा फायदा शासनाचाच आहे.

तिसरी गोष्ट सुरक्षेची. प्रत्येक व्यावसायिक करारातून खेळाडू, क्लब आणि लीग या तिघांनी लहानसा वाटा एका सामायिक निधीत टाकावा. त्यातून अपघात विमा आणि निवृत्तीनंतरची काही रक्कम मिळावी. जागतिक फुटबॉलमध्ये अशा विचाराला पूर्वाधार आहे. फिफाच्या नियमानुसार खेळाडूच्या हस्तांतरण रकमेतील ५ टक्के भाग, त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. घडवणाऱ्या क्लबचा वाटा जग मान्य करते, तर घडलेल्या खेळाडूचा वाटा आपण का मान्य करू नये? २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांच्या कारभारात खेळाडूंना स्थान दिले आहे. त्या खुर्चीवर बसणाऱ्यांनी पहिला विषय म्हणून हा निधी मांडावा.

कुलोत्तुंगनच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांनी, १७ मार्च २०१८ रोजी, चेन्नईयिन संघाने इंडियन सुपर लीग जिंकली. त्यानंतर वर्षभरात चेन्नई सिटी या संघाने आय-लीग जिंकली. त्याच्या उमेदीच्या काळात जे राज्य त्याला राष्ट्रीय दर्जाचे व्यासपीठ देऊ शकले नाही, तेथे दोन राष्ट्रीय विजेते उभे राहिले. हे यश अवकाळी पावसासारखे आकाशातून पडलेले नाही. परप्रांतात जाऊन, परक्या भाषेत शिव्या आणि कौतुक ऐकत ज्यांनी दक्षिणेच्या खेळाडूंची पत टिकवली, त्यांचा त्यात हिस्सा आहे. तो हिस्सा गोलफलकावर दिसणार नाही, कारण तो पासचा हिस्सा आहे.

मंदिरापासून फार दूर नसलेल्या तंजावूरच्या अण्णै सत्या क्रीडांगणावर संध्याकाळी मुले खेळताना दिसतात. त्या आवारात एक साधा फलक लावावा. त्यावर या जिल्ह्यातून राष्ट्रीय लीगपर्यंत पोहोचलेल्या प्रत्येक खेळाडूचे नाव, गाव, क्लब आणि हंगाम लिहावेत. जिल्हाधिकाऱ्याच्या किरकोळ खर्चाच्या तरतुदीत हे काम बसेल. त्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही. पहिले नाव कोणाचे असावे, हे तंजावूरकरांना सांगावे लागणार नाही. आणि हाच फलक कोल्हापूर, मडगाव किंवा मुंबईच्या कूपरेजजवळ लावायचा झाला तर पहिले नाव कोणाचे असेल, याचा विचार आपण मराठी वाचकांनीही करून ठेवावा.